मोहाचे आसव आणि कुटुंबाचा अधिकार : यवतमाळ प्रांतासंबंधी एक टिपण

मद्याचा इतिहास लिहिण्यास कोणी बसला म्हणजे राजवाड्यांतील सुरया, पेशव्यांची मद्यबंदी किंवा इंग्रजांची आबकारी यांकडे त्याची दृष्टी प्रथम जाते. ज्या घरी ते मद्य तयार होई त्या घराकडे मात्र ती क्वचितच वळते. आपल्या शेतातील किंवा रानातील उत्पन्नापासून कुटुंबाने आपल्यापुरते आसव करावे, ही चाल फार जुनी आहे. या चालीस राज्यशासनाने कोणत्या काळी काय स्थान दिले, हे यवतमाळ जिल्ह्यातील मोहाच्या उदाहरणावरून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम प्राचीन पुरावा घेऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथे १९०५ साली शामशास्त्री यांच्या हाती आली व १९०९ साली ती छापून निघाली. तीतील सुराध्यक्षाचे प्रकरण प्रसिद्धच आहे. द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्यास तेथे 'मधु' म्हटले असून कापिशायन आणि हारहूरक ही त्याची देशपरत्वे नावे दिली आहेत. परंतु आमच्या विषयाला महत्त्वाचा भाग तो नव्हे. मद्याच्या निर्मितीवर व विक्रीवर कडक नियंत्रण सांगणारा हाच ग्रंथकार कुटुंबवत्सल गृहस्थास कार्यप्रसंगी श्वेतसुरा व औषधाकरिता अरिष्ट करण्याची मुभा देतो. उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगी चार दिवसांपुरती मोकळीकही देतो. ही सूट उदारपणाने दिली असे मानण्याचे कारण नाही. विक्रीचे मद्य हा राज्याच्या उत्पन्नाचा विषय आणि घरचे मद्य हा कुलाचाराचा विषय, असा भेद शासनाला स्पष्ट दिसत होता, एवढाच तिचा अर्थ आहे.

वैद्यकग्रंथांचा पुरावा याला जोडून पाहावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांच्या ८४ योनी सांगितल्या आहेत. पुष्पासवांच्या दहा योनींत कमळाच्या जातींबरोबर मधूक म्हणजे मोह आणि धातकी म्हणजे धायटी यांची गणना आहे. द्राक्षाची गणना फलासवांत आहे. अर्थात द्राक्ष व मोह ही एकाच पंक्तीस बसलेली होती. आज ज्यास मोहाची दारू म्हणतात ती ऊर्ध्वपातनाने काढलेली असते. चरकोक्त आसव केवळ आंबवलेले असे. हा भेद न पाळल्यास प्राचीन वचनांचा भलताच अर्थ होतो, म्हणून तो येथे नोंदवून ठेवतो. अकबराच्या काळी मोहापासून मादक पेय होत असल्याचा उल्लेख ऐन-इ-अकबरीत आहे. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील कळंब सरकार व योत-लोहारा महाल ही नावे येतात. आजच्या यवतमाळ गावाचा त्या महालाशी संबंध जोडला जातो.

वणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या बाजूस गोंड, कोलाम व परधान लोकांची जुनी वस्ती आहे. चैत्राच्या सुमारास मोहाचे फूल गळू लागते. पहाटे उठून घरातील बायकामुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वेचलेली फुले उन्हात वाळवून ठेवली की वर्षभर टिकतात. वाळल्या फुलात अर्ध्याहून अधिक अंश साखरेचा असल्याने दुष्काळी वर्षात तेच अन्न होते, आणि बियांचे तेलही निघते. मद्याकरिता फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवितात. मग मडके चुलीवर चढवून वाफ नळीवाटे थंड भांड्यात उतरवितात. याला नांगर लागत नाही, विहीर लागत नाही, झाड तोडणे तर दूरच; उलट पिढ्यान्‌पिढ्या अन्न देणारे झाड म्हणून ते राखले जाते. दोष एवढाच, की फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची रीत आहे व तिच्यामुळे रानाला वणवा लागतो. गोंडांच्या देवकार्यात, लग्नात व मर्तिकात या मद्याचे स्थान आहे. कौटिल्याने 'कार्यप्रसंग' म्हणून सांगितला तो हाच होय.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६४ साली दक्षिण-पूर्व वऱ्हाड नावाचा जिल्हा निराळा झाला. पुढे त्यास वणी जिल्हा म्हणू लागले व १९०५ साली यवतमाळ हे नाव मिळाले. या राजवटीत मद्य हा केवळ महसुलाचा विषय ठरला. भट्टीचा मक्ता लिलावात घेणाऱ्यास अधिकार आणि घरी चार शेर फुले आंबविणारा गुन्हेगार, असा उलटा न्याय झाला. मुंबई इलाख्यात तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता १८९२ साली केवळ मोहफुलांच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र कायदा झाला. मध्यप्रांताचा आबकारी कायदा १९१५ चा, व मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा १९३८ चा. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर मुंबईचा १९४९ चा कायदा पुढे येथेही लागू झाला. राज्यकर्ते बदलले, हेतूही महसुलाकडून नीतीकडे वळला. परंतु कुटुंबाचा जुना अपवाद कायद्यात परत आला नाही.

२००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिककडील शेतकरी कुटुंबांस आपल्या मळ्यातील द्राक्षांचे मद्य करण्यास उत्तेजन मिळाले. ते योग्यच झाले. मात्र चरकाने ज्यांस एका यादीत गणले त्यांपैकी एकास उद्योगाचा मान व दुसऱ्यास फौजदारी, हा भेद वस्तूच्या गुणावर नव्हे तर ती करणाऱ्याच्या स्थितीवर उभा आहे, असे आमचे मत आहे.

याची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासकारास शोभणार नाही. गूळ व नवसागर घालून विक्रीकरिता गाळलेल्या दारूने घरे बुडाली. शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीखाली आहे, आणि यवतमाळातही बंदीची मागणी स्त्रियांनीच लावून धरली. त्यांचे दुःख खरे आहे. पण ते विक्रीच्या मद्याचे आहे. कौटिल्याने आखलेली रेषा पुसली गेल्यामुळे घरचे व दुकानचे एकाच नावाखाली मोजले जाते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांच्या नियमनाचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींस दिला आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी रानात राहणाऱ्यांस दिली आहे. मारेगाव, राळेगाव, केळापूर व घाटंजी तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेव्हा घरच्या भट्टीस मुभा द्यावी की तीही बंद करावी, हे ठरविण्याचे स्थान गावच होय. आणि त्या सभेत फुले वेचणाऱ्या बाईचे मत पहिले घेतले पाहिजे.

संग्राहकांस आमची एक विनंती आहे. वणी, कळंब, दारव्हा व पुसद या बाजूंच्या देशमुख-देशपांडे घराण्यांची दप्तरे चाळताना वतनाच्या व सनदांच्या कागदांवरच न थांबता कलाली, भट्टी, मोहफूल या शब्दांचे किरकोळ हिशेबी कागदही वेगळे काढून ठेवावेत. सनदेवरून घराण्याचा मान कळतो. गावाने काय खाल्ले, काय प्याले व त्याबद्दल काय भरले, हे कळण्यास असले चिटोरेच उपयोगी पडतात.