ड्रोनच्या परीक्षेत उड्डाण का नाही?

अमेरिकेत व्यवसाय म्हणून ड्रोन उडवायचा असेल, तर ६० प्रश्नांची दोन तासांची लेखी परीक्षा द्यावी लागते आणि ७० टक्के गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. परीक्षकासमोर ड्रोन एकदाही हवेत न्यावा लागत नाही. अभ्यास करायचा तो विमानांच्या हवाई नकाशांचा, हवाई हद्दीच्या वर्गांचा आणि वैमानिकांसाठी निघणाऱ्या सांकेतिक हवामान अहवालांचा. लग्नाचे चित्रीकरण किंवा छपरांची पाहणी करणाऱ्याला हे सारे उपरे वाटणे साहजिक आहे. पण ही परीक्षा कोणत्या भांडणातून जन्मली हे पाहिले, तर तिने तपासायला घेतलेली गोष्ट योग्यच होती असे मला वाटते.

१९८१ साली तिथल्या हवाई प्रशासनाने, म्हणजे एफएएने, खेळातल्या विमानांसाठी ४०० फुटांखाली उडवा, विमानतळाजवळ सांभाळून राहा, अशा सूचना काढल्या. त्या ऐच्छिक होत्या. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या परिसरात पैसे घेऊन चित्रीकरण करणाऱ्या एका ड्रोनचालकाला पुढे १०,००० डॉलरचा दंड लावण्यात आला. मार्च २०१४ मध्ये न्यायाधीशाने तो रद्द केला. नोव्हेंबरमध्ये वाहतूक सुरक्षा मंडळाने ड्रोन हेसुद्धा विमानच आहे असे ठरवून निकाल फिरवला. आता विमान म्हटले की वैमानिक आला, आणि वैमानिक म्हटला की परवाना. २०१२ च्या कायद्यातल्या कलम ३३३ खाली व्यावसायिकांना सवलती मिळू लागल्या, सप्टेंबर २०१४ मध्ये त्या प्रथम चित्रपटक्षेत्रातल्या सहा कंपन्यांना मिळाल्या, पण त्यांच्या ड्रोनचालकाकडे खऱ्या विमानाचा परवाना असावा अशी अट होती. दोनचार किलोचे यंत्र उडवण्यासाठी धावपट्टीवर विमान उतरवायला शिका, असा तो प्रकार होता. २९ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या पार्ट १०७ या नियमांनी ही गाठ सोडवली. विमान चालवण्याचे कौशल्य त्यांनी वगळले, आकाशात दुसऱ्यांसोबत वावरण्याचे ज्ञान ठेवले.

यावर आक्षेप असा की हात बसलेला नसताना नकाशा वाचता येऊन काय फायदा? आक्षेप पोकळ नाही. नवख्या हातून ड्रोन कोसळतात आणि खाली माणसे असतात. मात्र तो धोका याच नियमांनी इतर वाटांनी आवळला होता: वजन ५५ पौंडांच्या आत, ड्रोन नजरेच्या टप्प्यात, लोकांच्या डोक्यावरून उड्डाण नाही. प्रवासी असलेल्या विमानाशी टक्कर हा त्याहून मोठा धोका, आणि तो बोटांच्या चपळाईने टळत नाही. २१ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ एक ड्रोन लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर आदळला. हेलिकॉप्टरच्या पात्याला इजा झाली, पण ते सुखरूप उतरले. ड्रोनचालक सुमारे अडीच मैलांवर होता, ड्रोन त्याच्या नजरेआड होता आणि त्या भागात तात्पुरते हवाई निर्बंध आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. ड्रोन मुद्दाम नजरेआड नेणे हे तपासात मुख्य कारण ठरले. नियमांचे अपुरे ज्ञानही त्याला जोडले गेले. तो हौशी होता, त्यामुळे कोणतीही परीक्षा त्याच्या वाट्याला आली नव्हती.

भारत वेगळ्या वाटेने गेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी ड्रोनवर बंदी, डिसेंबर २०१८ पासून नियम, २०२१ मध्ये नवे सुटसुटीत ड्रोन नियम, आणि फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनंतर परवान्याऐवजी मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र. इथे ड्रोन प्रत्यक्ष उडवून दाखवावा लागतो, आणि ही आपली जमेची बाजू आहे. पण पुण्यात किंवा नागपुरात या प्रशिक्षणाला बसणाऱ्याने उड्डाणाच्या आनंदात हवाई हद्दीचे धडे उरकून टाकू नयेत. अमेरिकेनेही २०१८ च्या कायद्याने हौशी चालकांना ज्ञानचाचणी सक्तीची केली आणि जून २०२१ पासून ती प्रत्यक्षात आली. तिच्यातही ड्रोन उडवून दाखवावा लागत नाही.