पाइपाची जात

पाण्याच्या लढ्याचा इतिहास महाडला सुरू होतो आणि महाडलाच संपतो, असे समजण्याची आपल्याला सवय लागली आहे. २० मार्च १९२७ शिकवताना मीही अनेकदा तिथेच थांबलो आहे. पण पाणी पुढे नळीत शिरले. ती नळी कशाची, केवढी, आणि कोणाच्या दारापर्यंत गेली, हा इतिहास आपल्यापैकी कोणी लिहिला नाही. तो इंजिनिअरांचा विषय, असे मानून आपण मोकळे झालो.

मी वर्धा जिल्ह्यातला. त्या काळी हा जिल्हा मध्यप्रांतात असल्यामुळे मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झालेला बोले ठराव इथे लागू नव्हता. १९२८ साली जमनालाल बजाजांनी वर्धा शहरातले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, ही नोंद कोणत्याही पुस्तकात सापडते. खेड्यातल्या विहिरींची अशी नोंद नाही. आमच्या गावची विहीर त्यानंतरही कित्येक वर्षे आम्हाला बंदच होती. आजी सांगे, विहिरीपासून अंतर राखून घागर ठेवायची आणि वरून कोणी ओतील याची वाट बघत उन्हात बसायचे.

आता या शुद्धाशुद्धीचा हिशेब बघा. त्याच गावच्या शिवारात विहिरींवर चामड्याच्या मोटा चालत. मेलेले जनावर महारांनी ओढायचे, कातडे कमवून मोट दुसऱ्या अस्पृश्य जातींनी शिवायची, आणि त्या मोटेचे पाणी मालक ओंजळीने पिई. तिथे कातडे बाटवत नव्हते, आमची घागर तेवढी बाटवत होती! १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअर आणि हापश्या झपाट्याने वाढल्या. सोलापूर पंपाच्या आधाराने पुढे ‘इंडिया मार्क दोन’ ही हापशी घडली. तिच्याही नळकांड्यात पाणी उचलणारा वॉशर चामड्याचाच असे. रबराचा नंतर आला. दांडा आधी कोणी धरायचा यावरून मात्र भांडणे होत राहिली. वॉशरची चौकशी कोणी केली नाही.

मग नळयोजना आल्या. शहरांत बिडाचे पाइप, खेड्यांत स्वस्त म्हणून सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे. आमच्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा मातीत ताठ, ठिसूळ पाइप तडकतो. तडकला की दुरुस्तीला मजूर उतरतो, आणि कोरडा पाइप कापताना उडणारी धूळ त्याच्या छातीत जाते. पाण्यातून पोटात गेलेल्या ॲस्बेस्टॉसने अपाय होतो याचा ठाम पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. श्वासातून जाणारी धूळ कर्करोग देते, याविषयी मात्र दुमत नाही. खड्ड्यात उतरणारे मजूर बहुतेक कोणत्या वस्तीतले असतात, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको.

आमच्या वस्तीत नळ आला तो पी.व्ही.सी.चा. गावात बिडाचा जुना पाइप, आम्हाला प्लॅस्टिक. याचा मला विद्यार्थिदशेत भारी संताप होता, आणि त्यावर मी एका शिबिरात तावातावाने बोललोही होतो. तो माझा अडाणीपणा होता. एका वयस्कर फिटरने मला शहाणे केले. काळ्या मातीत प्लॅस्टिकच बरे, ते थोडे वाकते, गंजत नाही, हल्लीचा एच.डी.पी.ई. तर तापवून अखंड जोडता येतो. उन्हात उघडे पडले तर मात्र पी.व्ही.सी. कडक होऊन फुटते, म्हणून ते सुमारे मीटरभर मातीखाली हवे. “सर, पाइप कशाचा हे मागून विचारा,” ते म्हणाले. “आधी विचारा केवढा, कितीच्या दाबाचा, अन् किती खोल.”

फसवणूक खरोखर तिथेच असते. पाइपाचा व्यास निम्मा केला तर त्याच दाबाला पाणी निम्मे येत नाही, सुमारे एक-षष्ठांश येते. गावातून जाड लाइन, आणि शेवटच्या टोकाला वस्तीकडे बारीक फाटा, असा नकाशा कागदावर अगदी निरुपद्रवी दिसतो. त्यात कोणाची जात लिहिलेली नसते. उथळ पुरलेला फाटा नालीच्या कडेने जातो, बैलगाडीखाली चिरतो, आणि पाणी बंद झाले की रिकामा पाइप त्याच चिरेतून नालीचे पाणी ओढून घेतो. २०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे माप ठरवले. बारीक फाट्याच्या टोकाला ते पोचते की नाही, हे तोटी उघडल्यावरच कळते. आजी शेवटच्या वर्षांत कोरड्या तोटीकडे बघून म्हणे, “विहिरीवर वाढणारा मानूस डोयापुढं तरी राहे, त्याले दोन गोष्टी ऐकवता येत. या पाइपाले काय बोलावं?”

विहिरीचा पहारेकरी आता अंदाजपत्रकात बसला आहे. अंदाजपत्रक वाचायला आम्हाला कोणी शिकवले नाही. मी इतिहासाचा एम.ए.; ‘दाबाचा वर्ग’ म्हणजे काय, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळले.

यंदा उन्हाळ्यात वस्तीतल्या चार पोरांना घेऊन मी नव्या फाट्याच्या टोकाशी खणले. वीतभर मातीखालीच पाइप लागला. त्यावरची छपाई पुसून वाचली: दाबाचा वर्ग ४ किलो. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या अंदाजपत्रकात ६ किलो, आणि खोली ९० सेंटिमीटर. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, कंपनीकडून चुकून आला असेल. आम्ही पाइप झाकला आणि टेपने घेतलेली मापे वहीत उतरवली. गावातल्या मुख्य लाइनचा पाइप ६ किलोचाच निघाला, हेही खाली लिहिले. ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. अर्ज आठवीतल्या एका पोरीने लिहिला आहे. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.