मन्रो किल्ल्यांतील ‘जप्त माल’

अमेरिकेंतील यादवी युद्धाची ओळख आपल्याकडील सुशिक्षितांस बहुधा दोन वाटांनीं झालेली असते. एक वाट कापसाची. १८६१ सालीं तें युद्ध पेटलें, दक्षिणेच्या बंदरांना उत्तरेच्या आरमारानें वेढा घातला, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारांत कापसाला सोन्याचा भाव आला. पुढें १८६५ सालीं युद्ध संपतांच तो भाव कोसळला आणि बॅक बेच्या शेअरांवर उभारलेले इमले बघतां बघतां जमीनदोस्त झाले. दुसरी वाट जोतीराव फुले यांची. १८७३ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक त्यांनीं, गुलामांना दास्यांतून सोडविण्यासाठीं निरपेक्ष बुद्धीनें झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केलें. पुण्यांत बसून सातासमुद्रांपलीकडील एका घटनेशीं आपल्या देशांतील दास्याचा धागा असा नेमका जुळविणें हें असामान्य दृष्टीचें काम होतें, यांत शंका नाहीं.

तथापि युद्धाची ही कथा आपल्याकडे जशी रूढ झाली आहे, तींत मुक्त करणारे निराळे आणि मुक्त होणारे निराळे. लिंकननें लेखणी उचलली, जाहीरनाम्यावर सही केली आणि चाळीस लक्ष माणसांच्या बेड्या गळून पडल्या, असें चित्र आपण लहानपणापासून मनांत बाळगतों. त्या चित्रांत गुलाम हात जोडून, वाट पाहत उभे असतात. प्रत्यक्षांत ते वाट पाहत उभे नव्हते. तें कसें, हें समजून घ्यावयाचें तर व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील मन्रो नांवाच्या किल्ल्याकडे जावें लागतें.

त्यापूर्वीं युद्धारंभींची उत्तरेची भूमिका ध्यानांत घेतली पाहिजे. ४ मार्च १८६१ रोजीं अध्यक्षपदाचीं सूत्रें हातीं घेतांना लिंकननें स्पष्ट सांगितलें होतें कीं, जेथें गुलामगिरी आहे तेथें तिला हात लावण्याचा आपला मुळींच हेतु नाहीं. मेरिलँड, केंटकी, मिसूरी आणि डेलावेअर हीं चार संस्थानें गुलाम बाळगूनहि संघराज्यांतच राहिलीं होतीं. त्यांना दुखवून चालणार नव्हतें. शिवाय १८५० चा फरारी गुलामांचा कायदा अद्याप जिवंत होता. पळालेला गुलाम सांपडला तर तो मालकास परत करणें, हें त्या कायद्यानें सर्वांचें कर्तव्य ठरविलें होतें. उत्तरेच्या सेनापतींपैकीं कित्येकांनीं तें कर्तव्य पहिल्या महिन्यांत इमानेंइतबारें बजावलें. युद्ध संघराज्य टिकविण्यासाठीं आहे, गुलामांशीं त्याचा संबंध नाहीं, असें वॉशिंग्टनचें मत होतें. गुलामांचें मत निराळें होतें. पण तें विचारतो कोण?

मन्रोचा किल्ला चेसापीक उपसागराच्या तोंडाशीं उभा आहे. ज्या भूशिरावर तो बांधला गेला, त्याच ठिकाणीं १६१९ सालीं एका जहाजानें वीसांहून कांहीं अधिक आफ्रिकन माणसें आणून उतरविलीं होतीं आणि व्हर्जिनियाच्या वसाहतवाल्यांनीं तीं धान्याच्या मोबदल्यांत घेतलीं होतीं. किल्ल्याच्या बांधकामावर भाडोत्री गुलाम राबले, आणि त्या कामावर देखरेख करणाऱ्या तरुण इंजिनियरांत रॉबर्ट ली हाहि होता. हाच पुढें दक्षिणेचा सर्वश्रेष्ठ सेनापति झाला. व्हर्जिनिया फुटून निघालें तरी हा किल्ला मात्र उत्तरेच्या हातीं राहिला.

२३ मे १८६१ रोजीं व्हर्जिनियाच्या मतदारांनीं संघराज्यांतून बाहेर पडण्याच्या ठरावावर शिक्कामोर्तब केलें. त्याच रात्रीं फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड असे तिघे गुलाम एका होडींतून वल्हीं मारीत खाडी ओलांडून किल्ल्याशीं आले. त्यांचा मालक कर्नल चार्ल्स मॅलरी हा दक्षिणेच्या सैन्यांतील अधिकारी. समोरच्या तीरावर तोफांचा मोर्चा उभारण्याच्या कामीं त्यानें या तिघांना जुंपलें होतें, आणि पुढें त्यांना कॅरोलायनाकडे नेण्याचा त्याचा बेत होता. त्यांपैकीं दोघांचीं बायकामुलें मागें हँप्टनच्या परिसरांत. कॅरोलायनास जाणें म्हणजे तीं कायमचीं दुरावणें. किल्ल्याकडे जाणें म्हणजे बहुधा पकडून परत दिलें जाणें आणि पाठीवर चाबूक. या दोहोंतून त्यांनीं दुसरें निवडलें. कोणीं त्यांना बोलाविलें नव्हतें, कोणतेंहि अभय दिलें नव्हतें.

किल्ल्यावर सेनापति बेंजामिन बटलर आदल्या दिवशींच रुजू झाला होता. हा मॅसॅच्युसेट्सचा एक धूर्त वकील. गुलामगिरीविरुद्ध त्याला कसलाहि कळवळा होता असें कोणी म्हणूं नये. १८६० सालच्या आपल्या पक्षाच्या अधिवेशनांत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीं त्यानें सत्तावन्न वेळां मत दिलें तें जेफर्सन डेव्हिस यालाच, म्हणजे जो पुढें दक्षिणेच्या बंडखोर राज्याचा अध्यक्ष झाला त्याला! एक महिन्यापूर्वीं मेरिलँडमध्यें गुलामांनीं उठाव केलाच तर तो मोडण्यास आपली फौज देण्याची तयारीहि त्यानें दाखविली होती. असा माणूस. पण त्यानें तिघांना एकेक करून बोलावून विचारपूस केली, समोरच्या मोर्चाची माहिती काढून घेतली आणि त्यांना कामास लावलें.

दुसऱ्या दिवशीं दक्षिणेचा मेजर कॅरी पांढरें निशाण घेऊन आला आणि त्यानें कर्नलच्या वतीनें गुलाम परत मागितले. फरारी गुलामांच्या कायद्यानें तुम्ही बांधलेले आहां, असें त्याचें म्हणणें. बटलरनें उत्तर दिलें कीं, व्हर्जिनिया स्वतःला परदेश म्हणवीत आहे. परदेशाला आमचा कायदा लागू नाहीं. मालकानें येथें येऊन संघराज्याशीं एकनिष्ठतेची शपथ घ्यावी, म्हणजे त्याचीं माणसें त्याला मिळतील. आणि तुमच्याच कायद्याप्रमाणें गुलाम ही जंगम मालमत्ता; ती आमच्याविरुद्ध मोर्चे बांधण्यास वापरली जात आहे; तेव्हां शत्रूची बैलगाडी जशी जप्त करावी तशी ही मालमत्ता मी जप्त करतों. युद्धांत जप्त करतां येणाऱ्या मालाला ‘काँट्रॅबँड’ म्हणतात. वर्तमानपत्रांनीं तो शब्द उचलला, आणि युद्ध संपेपर्यंत पळून आलेल्या प्रत्येक गुलामाला तेंच नांव पडलें.

हा युक्तिवाद पाहिला म्हणजे हसूं येतें आणि अंगावर कांटाहि उभा राहतो. बटलरनें माणसाला माणूस म्हटलें नाहीं. दक्षिणेनें त्याला गुरांत जमा केलें होतें. बटलरनें तो हिशेब तसाच मान्य केला आणि दक्षिणेच्याच वहीवरून तिच्यावर डिक्री करून घेतली. पण गुलामांना शब्दांशीं कर्तव्य नव्हतें. परत देत नाहींत, एवढी बातमी त्यांना पुरेशी होती. ती कशी पसरली, कोणीं पसरविली, हें दक्षिणेच्या मालकांना कधींच उमगलें नाहीं. दोन दिवसांत आणखी आठ जण आले. मग एकाच दिवशीं चाळिसांवर. म्हाताऱ्या आया, कडेवर मुलें. ३० जुलैच्या पत्रांत बटलरनें वॉशिंग्टनला आंकडा कळविला तो ९०० चा, आणि त्यांत धडधाकट पुरुष अवघे ३००. दहा वर्षांखालील मुलें २२५ होतीं. मोर्चे बांधणारा पुरुष हा युद्धाचा माल खरा, पण दुधाचे दांत न पडलेलें मूल कोणत्या कलमाखालीं जप्त करावयाचें? त्याच पत्रांत त्या वकिलानें सरकारला प्रश्न केला: हीं आतां मालमत्ता राहिलीं आहेत काय?

त्या प्रश्नाला वॉशिंग्टननें एकदम उत्तर दिलें नाहीं, तुकड्यातुकड्यांनीं दिलें. ६ ऑगस्ट १८६१ चा कायदा: युद्धकार्यांत वापरलेल्या गुलामांवरील मालकाचा हक्क बुडाला. मार्च १८६२ चा नियम: कोणत्याहि लष्करी अधिकाऱ्यानें फरारी गुलाम परत देऊं नये. जुलै १८६२ चा कायदा: बंडखोर मालकांचे जे गुलाम आपल्या हद्दींत येतील ते मुक्त. प्रत्येक पावलामागें छावण्यांच्या दारांशीं वाढत जाणारी गर्दी होती. ती नसती तर कायदे करणाऱ्यांना हा प्रश्न इतक्या लवकर पडला असता, असें मला वाटत नाहीं.

या छावण्यांचें चित्र मात्र गुलाबी रंगांत रंगवूं नये. ऑगस्टमध्यें दक्षिणेच्या सैन्यानें हँप्टन गांव स्वतःच जाळून टाकलें, कारण तेथें उत्तरेची छावणी व पळालेल्या गुलामांची वस्ती होणार अशी कुणकुण लागली होती. उभ्या राहिलेल्या धुराड्यांच्या आधारानें, मोडक्यातोडक्या फळ्यांनीं त्या लोकांनीं झोंपड्या बांधल्या. सरकार त्यांच्याकडून काम घेई, पण मजुरीचा मोठा भाग अपंग व वृद्धांच्या पोषणाच्या नांवाखालीं खात्यांतच राही. देवी आणि ताप यांनीं पुष्कळ मुलें दगावलीं. अशा स्थितींत मेरी पीक नांवाची एक स्वतंत्र कृष्णवर्णी बाई तेथें शिकवीत होती. पूर्वीं कृष्णवर्णीयांना वाचण्यास शिकविणें व्हर्जिनियांत बेकायदेशीर होतें, आणि ती चोरून शिकवीत असे. सप्टेंबर १८६१ पासून उघड शाळा भरूं लागली. पुढल्या फेब्रुवारींत ती क्षयानें वारली. याच भागांत १८६८ सालीं हँप्टनची प्रसिद्ध शिक्षणसंस्था निघाली, आणि तेथूनच बुकर वॉशिंग्टन शिकून बाहेर पडला.

जे आले ते सगळेच रिकाम्या हातांनीं आले असें नाहीं. चार्ल्सटन बंदरांत ‘प्लँटर’ नांवाच्या लष्करी आगबोटीवर रॉबर्ट स्मॉल्स हा गुलाम सुकाणू धरीत असे. १३ मे १८६२ च्या पहांटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोंपले असतां त्यानें बोट हांकारली, वाटेंत बायकामुलांना घेतलें, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढविली आणि सम्टर किल्ल्यासमोरून जातांना ठराविक शिट्टीचा इशारा देऊन पहारेकऱ्यांना चकविलें. तोफांचा मारा टप्प्याबाहेर गेल्यावर पांढरी चादर फडकवून तो उत्तरेच्या आरमारास मिळाला. बोटीवर त्याच्यासह सोळा गुलाम आणि दक्षिणेच्या तोफा होत्या. हाच स्मॉल्स पुढें अमेरिकन काँग्रेसचा सभासद झाला, आणि ज्या घरामागें तो गुलाम म्हणून जन्मला तें मालकाचें घर त्यानें विकत घेतलें.

शेवटीं उत्तरेनें बंदूकहि हातीं दिली. सुमारें १,७९,००० कृष्णवर्णी शिपाई उत्तरेच्या सैन्यांत लढले. त्यांपैकीं ४०,००० च्या आसपास मेले, बहुतेक रोगराईनें. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १० आणि त्यांतून कपड्यांचे ३ कापून ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीनें हा अपमानाचा पगार महिनोन्महिने नाकारला आणि बिनपगारी लढाया केल्या. दक्षिण कॅरोलायनाच्या एका पलटणींतील विल्यम वॉकर या सार्जंटानें, समान पगार मिळत नाहीं तर चाकरी नाहीं, असें म्हणून आपल्या तुकडीला बंदुका खालीं ठेवावयास लावल्या. बंडाच्या आरोपावरून २९ फेब्रुवारी १८६४ रोजीं त्याला गोळ्या घालण्यांत आल्या. जून १८६४ मध्यें काँग्रेसनें समान पगाराचा कायदा केला. वॉकरला तो चार महिने उशिरा आला.

आतां जाहीरनाम्याविषयीं. १ जानेवारी १८६३ चा तो प्रसिद्ध लेख वाचला, तर व्हर्जिनियाचे जे थोडे परगणे त्यांतून वगळले आहेत त्यांत एलिझाबेथ सिटी हें नांव आढळतें. मन्रोचा किल्ला आणि हँप्टन याच परगण्यांत. जेथें या सर्व गोष्टींची सुरुवात झाली, त्या भूमीला तो जाहीरनामा लागूच नव्हता! ज्यांचे मालक बंडखोर होते ते आधींच्या कायद्यांनीं सुटलेले होते, ही गोष्ट वेगळी; एकनिष्ठ मालकांच्या गुलामांना मात्र थांबावें लागलें. तरीहि हँप्टनच्या एका विशाल ओकवृक्षाखालीं जमून तेथील लोकांनीं तो जाहीरनामा वाचून घेतला, असें सांगतात. तो वृक्ष आजहि दाखविला जातो.

मे १८६५ मध्यें दक्षिणेचा पराभव झाल्यावर जेफर्सन डेव्हिस पकडला गेला. बटलरनें ज्याला सत्तावन्न मतें दिलीं होतीं, त्याला आणून ठेवलें तें मन्रोच्याच किल्ल्यांत, तटाच्या पोटांतील एका दगडी खोलींत. तो तेथें दोन वर्षें कैदेंत होता. तटापलीकडे हँप्टनच्या जळक्या धुराड्यांभोंवतीं घरें उभीं राहत होतीं आणि सकाळीं शाळा भरत होती.