चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील सायकल आणि तिची देखभाल

चंद्रपूर व गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे दोन वनबहुल जिल्हे होत. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. विखुरलेली वस्ती, मुरमाचे व मातीचे रस्ते, पावसाळ्यात तुटणारे नाले आणि वन्य प्राण्यांचा वावर यांमुळे या भागात सायकल हे केवळ हौसेचे साधन नसून शाळा, बाजार, शेत व वनोपजाचे संकलन यांना जोडणारे वाहन आहे. अलीकडे डोंगरी सायकल (माउंटन बाइक) चालविणाऱ्या हौशी स्वारांची त्यात भर पडली आहे. जुन्या काळ्या सायकलीचा धनी आणि गिअरच्या सायकलीचा स्वार यांच्या अडचणी मात्र बऱ्याच अंशी सारख्याच आहेत: काटा, चिखल, तांबडी धूळ आणि दुरुस्तीच्या दुकानाचे अंतर.

नावे व बोली

सायकलीसाठी मराठीत 'पायगाडी' हा शब्द एकेकाळी रूढ होता. 'दुचाकी' हा शब्द आता मोटारसायकलीने बळकावला आहे. विदर्भात दुरुस्तीच्या दुकानाला बहुधा 'सायकल स्टोअर्स' म्हणतात. तासाच्या हिशेबाने मिळणारी सायकल 'किरायाची' असते आणि पंक्चर 'काढण्या'ऐवजी 'बनविले' जाते. भागांची नावेही स्वतंत्र आहेत. चाकाच्या व पायडलच्या आसाभोवतीच्या पोलादी गोळ्या म्हणजे छर्रे, ते ज्यात बसतात ती कटोरी, ब्रेकचे रबर म्हणजे गुटका आणि वाकडे फिरणारे चाक सरळ करणे म्हणजे रिमचा 'आऊट काढणे'. ही परिभाषा कोणत्याही कोशापेक्षा दुकानाच्या ओट्यावर अधिक नेमकी ऐकू येते.

काळी सायकल ते डोंगरी सायकल

स्वातंत्र्योत्तर काळात खेड्यांत पोहोचलेली सायकल ही ब्रिटिश 'रोडस्टर'च्या धर्तीची होती. सोनिपतची अ‍ॅटलस (१९५१) व लुधियानाची हिरो (१९५६) या कंपन्यांनी ती घरोघरी नेली. २८ × १½ इंची टायर, पुढच्या चाकाला ३२ व मागच्या चाकाला ४० तारा, लोखंडी कांबींचे ब्रेक आणि मागे भक्कम कॅरिअर असा तिचा ठरलेला बांधा असे. धानाचे पोते, बांबूचे भारे, तेंदूपानांचे गठ्ठे, प्रसंगी आजारी माणूससुद्धा या कॅरिअरवरून गेला आहे. मागच्या चाकाच्या जादा ८ तारा याच ओझ्यासाठी होत्या.

डोंगरी सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७० च्या दशकात झाला. तेथील तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून सोडत. १९७६ पासून होऊ लागलेल्या त्यांच्या एका शर्यतीचे नाव 'रिपॅक' असे पडले, आणि त्याचे कारण देखभालीतच आहे: एका उतारातच मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस जळून जाई व खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. याच मंडळींपैकी जो ब्रीझ, गॅरी फिशर व टॉम रिची यांनी पुढे या प्रकाराला आकार दिला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या क्रीडाप्रकाराचा समावेश झाला. भारतात १९९० च्या दशकात हिरो रेंजरसारख्या २६ इंची, जाड टायरच्या सायकली लोकप्रिय झाल्या व 'रेंजर' हे जणू त्या प्रकाराचेच नाव झाले. ही सायकल दिसायला डोंगरी असली, तरी घडणीने साध्या सायकलीचीच बहीण होती. त्यामुळेच खेड्यातल्या कारागिराला ती दुरुस्त करता आली.

भारत जोडो सायकलयात्रा

चंद्रपूर जिल्ह्याच्या सायकलविषयक इतिहासातील सर्वांत ठळक घटना जिल्ह्याबाहेर घडली. वरोरा येथील आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर अशी 'भारत जोडो' सायकलयात्रा काढली. तीत १०० तरुण व १६ तरुणी सहभागी झाल्या आणि सुमारे ५,०४२ किलोमीटर अंतर कापले गेले. त्या वेळी एकाहत्तरीत असलेले बाबा मणक्याच्या विकारामुळे स्वतः सायकल चालवू शकत नव्हते. ते वाहनातून यात्रेसोबत राहिले. १९८८ मध्ये अरुणाचल प्रदेश ते गुजरात अशी दुसरी यात्रा निघाली.

शालेय मुली आणि सायकल

राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान दिले जाते. शाळेपासून सुमारे ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी सायकल व त्याहून दूरच्या मुलींसाठी एस. टी. ची स्वतंत्र बस, अशी त्यामागची मांडणी आहे. माध्यमिक शाळा गावात नसणे हे मुलीचे शिक्षण सातवीनंतर थांबण्याचे जुने कारण असल्याने या योजनेचे मोल मोठे आहे.

तथापि सायकल मिळणे आणि ती चालत राहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. नव्या सायकलीच्या तारा, ब्रेकची वायर व पायडलचा दांडा पहिल्या महिन्याभराच्या वापरात सैल होतात आणि त्या वेळी एकदा पान्याने आवळल्या नाहीत तर पुढचे नुकसान मोठे होते. सैल राहिलेली कॉटर दांड्याचे छिद्र झिजवते आणि काही रुपयांच्या पिनेऐवजी पूर्ण दांडा बदलावा लागतो. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, हे ठाऊक नसल्याने ते जबरदस्तीने बसवून आटे खराब केल्याचे प्रकार सर्वत्र आढळतात. ज्या गावात सायकल स्टोअर्स नाही तेथे अशी एक बारीकशी मोडतोड मुलीची आठवड्याची हजेरी बुडवू शकते. एक पंप, एक पाना, पंक्चरची पेटी आणि ती वापरता येणारी दोन माणसे शाळेतच असणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

भूप्रदेश व ऋतू

वरोरा–भद्रावती भागात काळी माती आहे. ती ओली असताना चाक व मडगार्ड यांच्यामध्ये अशी बसते की सायकल ढकलताही येत नाही. म्हणूनच पावसाळ्यात पुष्कळ जण मडगार्ड काढून ठेवतात. पूर्वेकडे जंगलातील रस्ते तांबड्या मुरमाचे आहेत. दक्षिण गडचिरोलीत पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती यांच्या संगमाजवळचे भामरागड पुराने दरवर्षी तुटते आणि आतील वाटांवर नाले ओलांडूनच जावे लागते. उन्हाळ्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते व देशातील सर्वांत उष्ण शहरांत त्याचे नाव वारंवार येते.

उन्हाने ट्यूब फुटते, ही सार्वत्रिक समजूत अर्धीच खरी आहे. २५ अंशांना भरलेली ४० पौंडांची हवा ४५ अंशांना सुमारे ४४ पौंड होते. एवढ्याने धड टायर फुटत नाही. फुटते ते जुने, भेगाळलेले टायर, रिमवरची सरकलेली पट्टी किंवा कच्चा चिकटलेला तुकडा. दुपारी सायकल सावलीत ठेवणे शहाणपणाचे आहे, पण निम्मी हवा सोडून देणे चुकीचे. कमी हवेच्या टायरने दगडावर आपटून रिम व ट्यूब दोन्ही जायबंदी होतात.

देखभाल

पंक्चर. बाभूळ, बोर व हिवर यांचे काटे, शेतबांधावरचे सराटे आणि तुटलेल्या बांबूची धसकटे ही येथील पंक्चरची मुख्य कारणे. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे पाहणे, जागा कानशीने घासणे, सोल्युशन लावून ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबणे व मग तुकडा दाबणे, हा क्रम सर्वांना ठाऊक असतो. घाई होते ती थांबण्यात. त्याहून अधिक विसरली जाणारी बाब म्हणजे टायरच्या आतून बोट (किंवा फडके, कारण काटा बोटातही जातो) फिरवून मूळ काटा शोधणे. तो राहिला तर दोन किलोमीटरवर नवे पंक्चर ठरलेले. सराट्यांच्या वाटेवर ट्यूबमध्ये भरायचे द्रव सीलंट उपयुक्त ठरते, परंतु उष्ण हवेत ते लवकर सुकते व काही महिन्यांनी पुन्हा भरावे लागते. काहीच जवळ नसेल तर टायरमध्ये तणस किंवा गवत गच्च कोंबून गाव गाठता येते. स्वारी सुखाची नसते, पण रिम वाचते.

चेन. चेन 'लांबते' म्हणजे धातू ताणला जात नाही, तर प्रत्येक सांध्यातील पिना झिजतात. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधील अंतर अर्धा इंच असते. म्हणून पट्टीने मोजल्यास नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. तेच अंतर १२ व एक सोळांश इंच झाले की गिअरच्या सायकलीची चेन बदलावी. १२ व एक अष्टमांश झाले तर बहुधा दात्यांची चक्रेही झिजलेली असतात आणि नवी चेन त्यांवर घसरते. एका गिअरच्या काळ्या सायकलीला मात्र या दुसऱ्या मापापर्यंत चालविण्यास हरकत नाही.

मोटारीचे जळके तेल चेनला पाजण्याची पद्धत दोन्ही जिल्ह्यांत दिसते. ते फुकट मिळते, एवढाच तिचा गुण. त्यात आधीच धातूचा कीस असतो, वर मुरमाची धूळ बसली की चेन स्वतःलाच कानशीसारखी घासू लागते. उन्हाळ्यात मेणयुक्त कोरडे वंगण व पावसाळ्यात घट्ट ओले वंगण वापरणे योग्य. तेही न मिळाल्यास शिलाई मशीनचे पातळ तेल कडीकडीवर एकेक थेंब सोडून वरचे फडक्याने कोरडे पुसावे. वंगण आत हवे, बाहेर नव्हे.

छर्रे व ग्रीस. नाला ओलांडताना चाकाचा आस पाण्याखाली गेला, तर ग्रीसमध्ये पाणी मिसळून ते पांढरट होते व छर्ऱ्यांना गंज धरतो. पावसाळा संपल्यावर एकदा दोन्ही चाके व पायडलचा आस उघडून, रॉकेलने धुऊन, नवे ग्रीस भरणे आवश्यक असते. नेहमीच्या सायकलीत पुढच्या चाकात एका बाजूस ३/१६ इंची १० व मागच्या चाकात पाव इंची ९ छर्रे बसतात. एखादाच खराब झाला तरी त्या बाजूचे सर्व बदलावेत, कारण जुन्या-नव्या छर्ऱ्यांच्या सूक्ष्म फरकाने सारा भार मोजक्यांवर येतो. डोंगरी सायकलींत अनेकदा बंद बेअरिंग असते. ते धुता येत नाही, बदलावेच लागते.

ब्रेक. रिमवर दाबणारे गुटके ओल्या मुरमात लवकर झिजतात आणि त्यांत रुतलेला खडा रिमला चर पाडतो. सुईने खडे टोकरून काढणे हे दोन मिनिटांचे काम आहे. डिस्क ब्रेक चिखलात सरस ठरतो, पण त्याच्या तबकडीला तेलाचा थेंबही चालत नाही. चेनला फवाऱ्याने तेल मारणाऱ्याच्या सायकलीचा ब्रेक दुसऱ्या दिवशी लागत नाही, त्याचे कारण हेच. द्रवदाबावर चालणाऱ्या ब्रेकांत काहींना खनिज तेल व काहींना डॉट द्रव लागतो आणि एकाच्या जागी दुसरा घातल्यास आतील रबरी भाग नष्ट होतात. हे सुटे भाग तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाहीत, नागपूर गाठावे लागते. त्यामुळे एटापल्ली किंवा सिरोंचाकडे फिरणाऱ्याने वायरने चालणारा डिस्क ब्रेक पसंत करणे व्यवहाराचे होय.

गिअर. बांबूच्या वनात खाली पडलेली काटकी मागच्या गिअरबदल यंत्रणेत अडकून तिची ॲल्युमिनियमची पट्टी वाकते किंवा मोडते. ही पट्टी प्रत्येक सायकलीची वेगळी असल्याने तिची जोड सोबत ठेवावी. नसेल तर चेन तोडून, आखूड करून, यंत्रणा वगळून एकाच गिअरवर जोडता येते. त्यासाठी चेन तोडण्याचे छोटे अवजार व एक जोडकडी पुरते.

वनातील प्रवास

जंगलाच्या रस्त्यावर नादुरुस्ती ही गैरसोय नसून धोका असतो. चंद्रपूर–मूल मार्गासह अनेक रस्ते वाघांच्या वावराच्या क्षेत्रातून जातात आणि या जिल्ह्यांत वाघाच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसे दगावतात. मोहफुले व तेंदूपाने वेचणारे, गुराखी व सरपण आणणारे हे बळींत अधिक असतात. सायकल आवाज न करता येते, त्यामुळे वळणावर अस्वलाची अचानक गाठ पडण्याचा संभव असतो. घंटी वाजवीत व शक्यतो दोघातिघांनी जाणे श्रेयस्कर. चेन अडकवण्यासाठी ओणवे बसलेला माणूस चौपायासारखा दिसतो, म्हणून एकाने काम करताना दुसऱ्याने उभे राहून पाहत राहावे. ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेल्या रानटी हत्तींचाही गडचिरोलीत वावर सुरू झाला आहे.

टायरला घासून चालणारा ६ व्होल्टचा जुना डायनामो सायकल थांबताच विझतो, म्हणजे दिव्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच. ओल्या टायरवर तो घसरतोही. बॅटरीवरचे एलईडी दिवे आल्याने ही अडचण पुष्कळशी दूर झाली आहे.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान (१९५५) व अंधारी अभयारण्य (१९८६) मिळून झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात सायकलीने मनमानी भटकंती करता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशास परवानगी लागते. भामरागड व चपराळा अभयारण्यांनाही हाच नियम लागू आहे. अभयारण्याबाहेरील वनमार्गांवर जाण्यापूर्वीही स्थानिक वनपरिक्षेत्र कार्यालयात व गावात विचारणा करणे इष्ट होय. आलापल्ली–आष्टी मार्गावर सूरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक करणारे जड ट्रक मोठ्या संख्येने धावतात. त्या रस्त्यावर सायकलस्वाराला वाघापेक्षा ट्रकाची धास्ती अधिक बाळगावी लागते.