धूर, आग आणि तापलेला गोळा: यकृत प्रत्यारोपणानंतरच्या खुणांचा इतिहास

तर्कशास्त्र शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं एकच उदाहरण फळ्यावर लिहीत आलो: डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे आग आहे. नैयायिक धुराला ‘लिंग’ म्हणतात. लिंग म्हणजे खूण. निवृत्तीनंतर हे उदाहरण आम्हाला पुन्हा भेटलं ते पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या बाकावर. आमच्या एका स्नेह्यांना मेंदूमृत दात्याचं यकृत मिळालं होतं. पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत त्यांचं नाव होतं. दर तपासणीला ते जाडजूड फाईल घेऊन जायचे आणि आम्ही सोबतीला. फाईलमध्ये नुसते आकडे. वैद्यकात त्यांना बायोमार्कर म्हणतात, म्हणजे शरीरातल्या खुणाच. त्या आल्या कुठून?

१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर इथे थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. तीन वर्षांचं ते मूल रक्तस्रावानं टेबलावरच गेलं. १९६७ मध्ये शस्त्रक्रिया झालेली एक रुग्ण मात्र वर्षाहून अधिक जगली. तेव्हापासून प्रश्न बदलला. परकं यकृत शरीर नाकारतंय का, हे पोट न उघडता कळायचं कसं?

हाताशी ज्या खुणा होत्या, त्या दुसऱ्याच कामातून आलेल्या. बिलिरुबिन मोजायचे ते काविळीसाठी. एसजीओटी रक्तात वाढतं हे १९५४ मध्ये लक्षात आलं, तेही हृदयविकाराच्या झटक्यानंतर! यकृताच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली अशी एन्झाइम्स रक्तात उतरतात, हे लवकरच कळलं.

पण इथेच गोम आहे. एसजीपीटी वाढलं, म्हणजे इजा झाली. कशामुळे? प्रतिकारशक्तीचा हल्ला असेल, विषाणू असेल, पित्तनलिका अरुंद झाली असेल, एखादं औषधही असेल. हल्ला असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वाढवायचं. जंतुसंसर्ग असेल तर बहुधा कमी करायचं. दोन्ही उपाय उलटे, आणि चूक जिवावर बेतू शकते. न्यायशास्त्रात अशा बेभरवशाच्या खुणेला ‘सव्यभिचार’ हेतू म्हणतात. म्हणून सुई घालून यकृताचा तुकडा काढायचा, म्हणजे बायॉप्सी करायची, ही वेळ आजही येते.

औषधाची रक्तातली पातळी ही आणखी एक खूण. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस मिळालं. ते कमी पडलं तर यकृत धोक्यात, जास्त झालं तर मूत्रपिंडं.

१९९८ मध्ये भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण दिल्लीत झालं. त्याच वर्षी हाँगकाँगच्या डेनिस लो यांच्या गटानं दाखवलं, की पुरुषाचा अवयव मिळालेल्या स्त्रियांच्या रक्तद्रवात वाय गुणसूत्राचा डीएनए सापडतो. म्हणजे दात्याच्या पेशी मरताना आपली ओळख रक्तात सोडतात. आता हा अंश मोजून नव्या यकृताला इजा होतेय का, हे पाहता येतं. मात्र ती कशानं होतेय, याचं उत्तर हीसुद्धा एकटी देत नाही.

आता आमच्या स्नेह्यांची गोष्ट. आकडे कित्येक महिने चांगले, तब्येत ठणठणीत. त्यांनी स्वतःच ठरवलं, की आता गोळ्या कशाला? आम्हाला पत्ताच नाही. पुढच्या तपासणीत आकडे चढलेले. बायॉप्सीत यकृत नाकारलं जातंय हे दिसलं. उपचार वेळेवर मिळाले आणि ते वाचले.

नैयायिकांचंच दुसरं उदाहरण आम्ही त्यांना तेव्हा सांगितलं: तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, पण धूर नसतो. आकडे नॉर्मल असतानाही आत दाह चालू असू शकतो. शिवाय ते नॉर्मल होते ते गोळ्यांमुळेच! ते हसले आणि म्हणाले, “सर, हे आधी शिकवायचं होतंत.”

खरं आहे. चाळीस वर्षं आम्ही धूरच शिकवत बसलो, गोळ्यापर्यंत तास पोचायचाच नाही.