सणांच्या सोबतीने अवयवांची इंग्रजी नावे

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय जून २००० मध्ये सुरू झाला. त्याच्या वर्षभर आधी, १ मे १९९९ रोजी, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला होता. पहिलीच्या आरंभीच्या इंग्रजी शब्दांत अवयवांची नावे हमखास असतात. ती सोपी वाटली, तरी त्यांत एक अडचण दडलेली आहे.

मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सारा 'हात'च असतो. इंग्रजीत मात्र मनगटाच्या वर 'आर्म' आणि पुढे 'हँड'. पायाचेही तसेच : 'लेग' वेगळा, 'फूट' वेगळा. हाताचे बोट 'फिंगर', तर पायाचे 'टो'. 'हँड म्हणजे हात' एवढेच पाठ करून हा भेद कळत नाही. सणांत मात्र निरनिराळ्या अवयवांना वेगवेगळे लेणे असते आणि त्यामुळे हा भेद डोळ्यांना दिसतो.

नागपंचमी व राखीपौर्णिमा : मेंदी रंगते तो 'हँड', राखी बांधतात ते 'रिस्ट', त्याच्या वरचा 'आर्म'.

पोळा : आदल्या दिवशी खांदेमळणीत बैलाचा खांदा हळद-तुपाने मळतात, तो 'शोल्डर'. रंगविलेली शिंगे 'हॉर्न्स', वशिंड 'हंप', शेपूट 'टेल'. खांदा मुलालाही आहे, बैलालाही आहे. पण मुलाला 'फूट', तर बैलाला 'हूफ'.

महालक्ष्म्या : मुखवटा म्हणजे 'फेस'. दारापासून काढलेली पावले म्हणजे 'फीट', आणि प्रत्येक पावलाला पाच 'टोज'.

दसरा : हिंगोलीच्या दसरा महोत्सवातील रावणदहन मुलांच्या परिचयाचे असते. दहा 'हेड्स', वीस 'आर्म्स', पण 'लेग्स' दोनच! अनेकवचन व अंक यांचा सराव येथे आपोआप होतो.

दिवाळी : उटणे लावण्याचा अभिनय करताना 'आर्म', 'बॅक', 'लेग' यांची उजळणी होते.

पद्धत

आज्ञा ऐकून कृती करीत भाषा शिकण्याची रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडली. 'टच युवर शोल्डर' म्हणताच मुलाने स्वतःच्या खांद्याला हात लावावा. बोलण्याची घाई करू नये. एका सणाला पाच-सहा शब्द पुरेत. मागील सणाचे शब्द पुढील सणात पुन्हा यावेत.

जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवरच्या मुलांची घरची बोली गोरमाटी असल्याने त्यांना मराठी अर्थही परका वाटू शकतो. तेथे कृती आणि चित्र हेच अर्थाचे काम करतात. वर्गात सर्वांचे सण सारखे नसतात, हेही लक्षात ठेवावे. ईदच्या मेंदीनेही 'हँड' तितकाच उत्तम शिकविता येतो.

परीक्षा घेताना 'आर्म म्हणजे काय?' असे विचारू नये. 'शो मी युवर आर्म' म्हणावे. मुलाने तळहात पुढे न करता दंड दाखविला, तर शब्द खरोखर उमगला असे समजावे.