स्वयंपाकघरांतलें इराण

ठाण्यास टेंभी नाक्याजवळ पारशी बांधवांची एक अग्यारी आहे. कावसजी रुस्तमजी पटेल यांनीं ती १७८० सालीं बांधली. तिच्यावरून जाणारांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असेल कीं, आपल्या या मुलखाचा इराणशीं संबंध त्या अग्यारीहूनहि कितीतरी जुना आहे. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या कॉस्मसनें ‘कल्लिआना’ या बंदराविषयीं लिहितांना तेथील ख्रिस्ती धर्मगुरु इराणांतून नेमून येतो असें नमूद केलें. हें कल्लिआना म्हणजे आपलें कल्याण, असें अनेक संशोधक मानतात. साष्टींतील कान्हेरीच्या लेण्यांत १००९ व १०२१ या सालांचे पहलवी लेख आहेत. लेणीं पाहावयास आलेल्या पारशी मंडळींचीं नांवें त्यांत आहेत. आणि ज्या संजाणास पारशांनीं प्रथम वसति केली, तें गांव १९६० पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होतें. आज तें गुजरातेंत आहे.

या वसतीची कथा ‘किस्सा-इ-संजाण’ या फारसी काव्यांत सांगितली आहे. बहमन कैकोबाद यानें तें १६०० च्या सुमारास रचिलें. म्हणजे कथा घडल्यावर कित्येक शतकांनीं ती लिहिली गेली, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. तींत संजाणचा राजा आश्रय देण्यापूर्वीं अटी घालतो: आपली भाषा सोडून येथील भाषा बोलावी, स्त्रियांनीं येथील वेष करावा, शस्त्रें खालीं ठेवावीं, लग्नें सायंकाळीं लावावीं. या अटींत एका गोष्टीचा उल्लेख नाहीं. चुलीवर काय शिजवावें, याविषयीं राजानें कांहींच म्हटलेलें नाहीं.

परंतु जें कोणी मागितलें नव्हतें, तेंहि या मंडळींनीं हळूहळू आपखुषीनें बदललें. इराणांत मांसाबरोबर फळें शिजवितात. आंबटपणासाठीं डाळिंबाचा रस, सुकी लिंबें, झिरिश्काचीं तांबडीं फळें वापरतात. पारशी घरांत जर्दाळू घालून मटण शिजतें, तें याच चालीचें. मात्र डाळिंबाच्या जागीं येथें चिंच, गूळ व सिरका आला. ओला नारळ आला. समुद्रकांठची मासळी आली. धनसाकांत डाळी, भाज्या व मांस एकत्र शिजतात आणि सोबतीस भात असतो. चव येथील मसाल्यांची झाली. आंबट-गोडाची आवड मात्र तीच राहिली.

मूळची इराणी रीत आपल्या घरीं करून पाहावयाची, तर भातापासून आरंभ करावा. दोन वाट्या जुना बासमती धुवून मिठाच्या पाण्यांत तासभर भिजवावा. भरपूर उकळत्या पाण्यांत सहासात मिनिटें शिजवावा. शीत दाबून पाहतां मध्यें किंचित् कणी लागली, कीं लगेच वेळावा. वेळण्याची ही क्रिया कोंकणांतील गृहिणीस नवी नाहीं. मग जाड बुडाच्या पातेल्यांत तीन-चार चमचे तूप तापवून त्यांत तो भात हलक्या हातानें उंच रचावा. झांकणास फडकें गुंडाळून तें घट्ट बसवावें, म्हणजे वाफेचें पाणी पुन्हां भातांत गळत नाहीं. मंद आंचेवर पाऊण तास ठेवावें. शेवटीं केशराचें पाणी वरून शिंपडावें. पातेल्याचें बूड क्षणभर थंड पाण्यांत ठेविलें, तर तळाचा सोनेरी पापुद्रा अखंड सुटून येतो.

या पापुद्र्यास इराणांत ‘तहदीग’ म्हणतात. तह म्हणजे तळ, दीग म्हणजे भांडें. आपली ‘देगची’ याच शब्दाच्या कुळांतली. आपल्याकडे खरवड मुलांसाठीं राखून ठेवितात. इराणी घरांत ती मानानें पाहुण्यापुढें येते.

शब्दांची हीच गोष्ट आपल्याहि घरांत घडलेली आहे. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण घेतलें. पुढें त्यांच्याच आज्ञेनें राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि दरबारांतील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तें कार्य स्वराज्यास भूषणावहच होतें. तरीहि बदाम, पिस्ता, बेदाणा, जर्दाळू हे शब्द आपल्या फडताळांतून हालले नाहींत. बेदाणा म्हणजे ‘बे-दाणा’, बीं नसलेला. हें आपल्या आजीस कोणीं कधीं शिकविलें नव्हतें, पण शब्द तिच्या तोंडीं होता.

देश सुटलेल्या माणसाची भाषा एकदोन पिढ्यांत जाऊं शकते, वेषहि जातो. ज्यांनीं फारसी बोलणें केव्हांच सोडलें, त्यांच्या घरीं जर्दाळूंचें मटण आजहि शिजतें. तें टिकलें, कारण त्यानें शेजारच्या चिंचेस आणि नारळास दार उघडें ठेविलें. ठाण्याच्या त्या अग्यारीवरून पुढच्या वेळीं जातांना एवढें आठवावें. आणि एखाद्या रविवारीं आपल्या चुलीवर पाऊण तास मंद आंच राखून पाहावी.